आतल्या गोटातले जावई

७ जून
शेवटी करून दाखवलं! कंपनी सेक्रेटरी बाईंच्या टेबलाभोवती दोन महिने घिरट्या घालत होतो. आज त्यांनी कंटाळून माझं नाव इनसायडरच्या यादीत घातलं. इनसायडर म्हणजे कंपनीची आतली खबर ज्यांना असते ती माणसं. मोठे साहेब, फायनान्सचे साहेब आणि आता मी. भागधारकांच्या पत्रांना उत्तरं मी देतो. मला खबर नसणार तर कोणाला असणार?
बाई म्हणाल्या, यादीत आलात की शेअर विकायला बंधनं येतील, विचार करा. मी म्हटलं, विकायचेत कोणाला!
फॉर्मवर एक रकाना होता, गुंतवणुकीत तुमचा सल्ला घेणारे नातेवाईक. तिथे सासऱ्यांचं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी माझ्याच शब्दावर आमच्या कंपनीत घातलेत. भाव चारशे ऐंशी.

८ जून
सासऱ्यांना फोन करून यादीचं सांगितलं. ते म्हणाले, वा जावईबापू, म्हणजे तुम्ही आता आतल्या गोटातले. मागून सासूबाई विचारत होत्या, गुडघ्यांचं काय. दोन्ही बदलायचेत, डॉक्टरांनी नोव्हेंबर सांगितलाय. आज विकले तरी दोन्ही गुडघ्यांपुरते पैसे होतात म्हणे. मी म्हटलं, थांबा. नोव्हेंबरपर्यंत सहाशे होईल, गुडघे होऊन वर फ्रीज येईल.
फोन ठेवल्यावर ही म्हणाली, आई हल्ली जिना बसून चढते. विषय भावाचा चालला होता, हे मध्येच कशाला?

२० ऑगस्ट
मोठ्या साहेबांनी शेअर विकले. ऑफिसात नुसती कुजबुज. वरच्या लोकांना ऑप्शन असतात, म्हणजे बाजारात भाव काहीही असो, त्यांना शेअर दहाला मिळतो. साहेबांनी दहाला घेतले आणि चारशे सत्तरला विकले. फायनान्सच्या साहेबांनीही तेच केलं. लोकांची पोटदुखी बघवत नाही. मला तर भरून आलं. सामान्य माणसाला घ्यायला शेअर मोकळे व्हावेत म्हणून एवढा त्याग कोण करतं?
भागधारकांना पाठवायचा खुलासा मीच लिहिला. साहेबांचा कंपनीवरील विश्वास अढळ असून ही विक्री कुटुंब नियोजनाचा भाग आहे. बाईंनी ते खोडून वैयक्तिक आर्थिक नियोजन केलं. बाईंना भाषेची जाण नाही.

११ सप्टेंबर
चारशे दहा. किरकोळ घसरण. भाव दिवसातून एकदाच बघायचा, असं ठरवलं.

१२ सप्टेंबर
नऊ वेळा बघितला. उद्यापासून नक्की.

२८ सप्टेंबर
तीनशे साठ. सासऱ्यांनी फारच मऊ आवाजात विचारलं, विकायचे का? मी कडक झालो. म्हटलं, हीच तर परीक्षेची वेळ. आज साहेब लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसले. कंपनी बुडत असती तर हसले असते का?
ही म्हणाली, त्यांचे विकून झालेत म्हणून हसले असतील. बायकोशी बाजाराबद्दल बोलायचं नाही. कानाला खडा.

१ ऑक्टोबर
तीनशे वीस. ठीक आहे, थोडे विकू. घाबरून नव्हे, सासऱ्यांच्या समाधानासाठी.

१ ऑक्टोबर, दुपार
विकता येत नाहीत! बाई म्हणाल्या, तिमाहीचे आकडे जाहीर होईपर्यंत यादीतल्यांना विक्री बंद. मी म्हटलं, माझे राहू द्या, सासऱ्यांचे तरी विकतो. त्या म्हणाल्या, तेही यादीत आहेत, तुमचा सल्ला घेणारे नातेवाईक म्हणून. कोणी लिहिलं म्हणून मी विचारणार होतो. तेवढ्यात फॉर्मवरचं ठसठशीत अक्षर दिसलं. माझंच.

९ ऑक्टोबर
दोनशे नव्वद. साहेबांनी आज पुन्हा विकले. बंदी चालू असताना! तसाच धावत बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, कोणत्या तारखेला किती विकणार ते साहेबांनी मार्चमध्येच लिहून दिलंय. आधी लिहून दिलं की ही बंदी लागत नाही. मी म्हटलं, द्या कागद, मीही लिहून देतो. त्या म्हणाल्या, अवश्य द्या, चार महिन्यांनी लागू होईल.
चार महिन्यांनी! तळपायाची आग मस्तकात गेली. मार्चमध्ये हे आपली विक्री ठरवत होते, आणि मी भागधारकांना पत्रं लिहीत होतो, आमच्यावर विश्वास ठेवा म्हणून. सासऱ्यांनाही तेच पत्र गेलं. खाली सही माझी.

१० ऑक्टोबर
उपाय सापडला. नाव काढून घ्यायचा अर्ज. मला कंपनीतली कोणतीही महत्त्वाची गोष्ट कळत नाही, कोणी सांगत नाही, असं लिहिलं. वाटलं, बाई निदान नको हो म्हणतील. त्यांनी चष्मा न लावताच सही केली. पण नाव निघणार आकडे जाहीर झाल्यावरच. अर्ज उगीच केला. आता फाइलमध्ये राहणार.

१७ नोव्हेंबर
आकडे आले. तोटा. आज बंदी उठली आणि यादीतून मीही. बाजार उघडताच सासऱ्यांचे सगळे विकले, दोनशे पंचवीसला. हिने हिशेब केला. एका गुडघ्याचे होतात.
आमच्या विभागाला साहेबांचा निरोप आला, भागधारकांना धीराचं पत्र लिहा. लिहिलं. हात आपोआप चालतो.

२४ नोव्हेंबर
हॉस्पिटलमध्ये गेलो. सासूबाई चाकाच्या खुर्चीत. डॉक्टरांनी विचारलं, एकच करायचा तर कोणता, ठरवलंत का? सासरे माझ्याकडे वळले. म्हणाले, जावईबापू, तुम्ही सांगा. टोमणा असता तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.
पण कोणीतरी ठाम बोलायला हवं होतं. मी म्हटलं, उजवा.
सासूबाई म्हणाल्या, दुखतो तो डावा.