अलिबागच्या कचेरीतली शपथ

आई, तुझ्यासारखी आमटी मला अजून जमत नाही, पण ओट्याशी उभं राहून पाठांतर करणारा तुझा आवाज मात्र जसाच्या तसा कानात आहे. कराचीतल्या मराठी घरातून लग्न होऊन तू महाडला आलीस, मी झाले, शाळेत जायला लागले, तरी सरकारदरबारी तू परदेशीच. दरवर्षी इथे राहण्याची मुदत वाढवायला अलिबागला पोलिसांच्या कचेरीत खेटे. पोलादपूरच्या शेतावर जायला आडकाठी नव्हती, पण तिथून घाट चढून महाबळेश्वरला जायचं तर जिल्हा बदलतो, परवानगी हवी. आम्ही वर फिरून यायचो आणि तू आजीबरोबर, आप्पांच्या आईबरोबर, खाली थांबायचीस. ती चिडायची, "म्हशींचं शेण काढतेस, भात लावतेस, आनि परदेशी कशी गो तू? त्या सायबाला काय कळतंय!"

नागरिकत्वाचा अर्ज केल्यावर आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागला. तो दिलास, आणि इकडचं नागरिकत्व काही येईना. महाडजवळच्या वीरला नुकतीच रेल्वे आली होती, सगळी आळी हौसेनं गाडीत बसून जिल्ह्याबाहेर जाऊन आली, तू घरीच. आप्पा शाळामास्तर. शेवटी शपथ घ्यावी लागते असं त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि शपथ म्हणजे शाळेतली प्रतिज्ञाच, हे स्वतःच ठरवून टाकलं. मग रोज सकाळी तू भाकरी थापता थापता प्रतिज्ञा म्हणतेस, आप्पा दाढी करता करता चुका काढतात आणि मी हसून हसून लोळते. "हात पुढे हवा," ते सांगतात. "पिठाचा चालेल का?" तू विचारतेस.

त्याच दिवसांत शेजारच्या दुकानातल्या फोनवर मामाचा निरोप आला. तुझी आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं तुझं नाव घेत होती. तू जाणार कशाच्या जोरावर? आप्पा अलिबागला धावले, साहेबांच्या हातापाया पडले. पासपोर्ट नाही तर प्रवास नाही, एवढंच उत्तर मिळालं. पुन्हा फोन आला तेव्हा तू दुकानातून परत आलीस आणि म्हणालीस, "माझ्या हातचं पाणीसुद्धा नाही मिळालं तिला."

शपथेच्या दिवशी अलिबागच्या कचेरीत मलाही नेलंत. कारकुनाने छापील कागद पुढे केला आणि तू हात पुढे करून ताठ उभी राहिलीस. "बाई, नुसतं वाचून सही करा," तो म्हणाला, पण तू प्रतिज्ञा सुरू केली होतीस. आईवडिलांचा मान ठेवण्याच्या वाक्यापाशी आलीस आणि थांबलीस. विसरलीस असं वाटून आप्पा हळूच पुढचे शब्द सांगू लागले. तू मान हलवलीस, पदर तोंडाशी धरलास आणि तशीच उभी राहिलीस. मग त्या कारकुनानेच खुर्ची पुढे सरकवली.

घरी येऊन आप्पांनी पेढे वाटले. "आता इकडचा पासपोर्टही मिळेल, कराचीला जाऊन येऊ," ते म्हणाले. "आता कुणाकडे जाऊ?" असं म्हणून तू स्वयंपाकाला लागलीस. पासपोर्ट तू कधी काढलाच नाहीस.

तू आता नाहीस, हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एक सांगते. परवा इथे माझ्या घरी, बिरवाडीत, नव्या शेजारणीने विचारलं, तुमच्या आईचं माहेर कुठलं? नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, लांब होतं.