अक्षदा गळ्याकडं बघते

१२ सप्टेंबर २००४, रविवार

पुन्हा बघत होती! मी भाकरी थापत होते, अक्षदा उंबऱ्यात बसून पाढे लिहीत होती. मान वर केली की नजर थेट माझ्या गळ्यावर. तोंडाकडं नाही, हाताकडं नाही — गळ्यावर. काय गं, म्हटलं तर "काय न्हाई मावशी" म्हणाली आणि सातचा पाढा पुढं चालू. आठ वर्षांची पोरगी, पण इतकी गप्प पोरगी मी दुसरी बघितलेली नाही. पिक्चरमध्ये बघितलीये.

१४ सप्टेंबर, मंगळवार

स्टँडसमोरच्या सुदर्शनच्या दुकानातून नवी सीडी आणली. तो आता विचारतसुद्धा नाही. मला बघितलं की, "ताई, पोरं मारत्यात तसला आलाय," म्हणून बाजूला काढून ठेवलेली पुढं करतो.

दुपारी हे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, अक्षदा शाळेत. लाइट होती तेवढ्यात सगळा बघून घेतला. कुठल्या देशातला देव जाणे, हिंदीत डब केलेला. एकच बंगला, पाच माणसं, आणि रक्त म्हणजे सरळसरळ टोमॅटो सॉस. मेलेला म्हातारा मध्येच श्वास घेतो! तरी मी उशी घट्ट धरून बसले होते.

मला हे का आवडतं ते कुणाला सांगायची सोय नाही. मोठ्या खर्चाच्या पिक्चरमध्ये पोराला भूत लागलेलं असतं. मांत्रिक येतो, भूत निघतं, पोर परत आईच्या कुशीत. या स्वस्तातल्या पिक्चरना भूत परवडत नसावं. इथं पोर म्हणजे नुसतं पोर — दोन वेण्या, हातात दुधाचा पेला — आणि तेच मारतं. घरातल्या एकाच बाईला ते कळलेलं असतं. बाकीचे तिलाच वेडी ठरवतात, आणि शेवटी ती खरी निघते. ते बघितलं की मला फार बरं वाटतं.

मी दुसरेपणावर या घरात आले तेव्हा सगळे म्हणत होते, बिनआईच्या पोरीला आई मिळाली, लेकरू म्हणजे देवाघरचं फूल. मला काय मिळालं ते कुणी विचारलं नाही. फूल म्हणे!

१८ सप्टेंबर, शनिवार

चौथा महिना लागला. यांनी अक्षदाला सांगून टाकलं की तुला भाऊ नाहीतर बहीण येणार. ती हसली नाही. नंतर माझ्यामागं फिरून एकेक विचारत बसली. केवढं असतं? रडलं की किती वेळ रडतं? आणि मग — बाळाची मान कुठं धरायची असते?

माझ्या हातातली पळी खाली पडली. यांना सांगितलं तर म्हणाले, पोरीला हौस आलीये. हौस!

२१ सप्टेंबर, मंगळवार

शाळा लवकर सुटली होती, मला माहीत नव्हतं. पिक्चरमधली पोरगी पाळण्याजवळ उभी, आणि माझ्या मागं दारात ही उभी! केव्हाची, कोण जाणे. मी घाईनं टीव्ही बंद केला. तिनं हळूच विचारलं, त्या पोरीनं बाळाला का मारलं?

मी चिडलेलीच होते. म्हटलं, काही पोरी असतातच तशा. सावत्र भावंड आलं की त्यांच्या हातून होतं. त्यांचं त्यांनाही आधी कळत नाही.

हे बोलताना मी तिच्या डोळ्यांत बघत होते. म्हटलं, कळू दे हिला, की मला कळलंय. ती दप्तर ठेवून परसात गेली.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी जरा डोळा लागला होता. जाग आली ती गळ्याला गार बोटं लागली म्हणून. डोळे उघडले तर अक्षदा माझ्यावर वाकलेली, दोन बोटं माझ्या गळ्यावर! मी ढकललं. तिचं कोपर पेटीच्या कडेवर आपटलं. ओरडली नाही, रडली नाही. पिक्चरमधली पोरंही रडत नाहीत.

आज मी यांच्यापुढं स्पष्टच बोलले. ती तरी राहील नाहीतर मी तरी. हे ताटातलं चिवडत बसले. मग म्हणाले, बाळंतपण होईपर्यंत आजीकडं राहू दे. तिच्या आईची आई, ठकूबाई, तिकडं मावळात भातशेती करते. एकटीच असते.

मी जिंकले. झोप मात्र आली नाही.

३ ऑक्टोबर, रविवार

नेली. ठकूबाई सकाळच्या एस.टी.नं आली आणि दुपारच्यानं गेली. पोरीनं आपले कपडे आपणच पिशवीत भरले होते. राहते म्हणून एकदाही म्हणाली नाही. जाताना पुन्हा गळ्याकडंच बघितलं.

म्हातारी मला एवढंच म्हणाली, "जिवाला जप बाई." टोमणा होता का, ते कळलं नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार

घर शांत. दोन पिक्चर बघितले. मजा आली नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा दिवस, म्हणजे यांच्या पहिलीचा, रुपालीचा. तिचा चांदीचा टाक, तिच्या नावानं घडवलेला मूर्तीचा छोटा पत्रा, लग्नापासून माझ्या गळ्यात आहे. दुसरेपणाच्या बाईला तो घालावाच लागतो, नवं लुगडंसुद्धा आधी त्याला दाखवायचं आणि मग नेसायचं. मला तो कधीच आवडला नाही. घाम आला की टोचतो. दीड वर्षात मी त्याच्याकडं धड बघितलेलंही नव्हतं.

आज धुवायला म्हणून काढला. वाटलं, काळाठिक्कर पडला असेल. चकचकीत निघाला! कुणीतरी रोज हात फिरवल्यासारखा गुळगुळीत, आणि खाचेत कुंकू. ते कुंकू मी लावलेलं नव्हतं.

सवाष्ण म्हणून शेजारच्या कुशाबाईला जेवायला बोलावलं होतं. तिला दाखवला. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "तुमी निजल्या की पोरगी आईसंगं बोलायची की. मला म्हनली व्हती, मावशीच्या गळ्यात आई हाय, पन मावशी जागी असली की बोलता येत न्हाई."

मला एवढी लाज वाटली की सवाष्णीला वाढायचं राहून गेलं. आई गळ्यात घेऊन मी घरभर फिरत होते, आणि पोरीनं नुसतं बघितलं तरी मला मरण दिसत होतं. कोपराला काय झालं तेसुद्धा मी विचारलं नाही. ज्या बायकांना सगळं कळतं, त्यांच्यातली मी एक! कुणाच्या पोटात काय आहे हे बघायला मी डोळे उघडे ठेवले म्हणत होते, आणि एवढं साधं दिसलं नाही.

यांना सगळं सांगितलं. दुकान उघडायला गेलेच नाहीत. रविवारी पहिल्या एस.टी.नं जाऊन तिला घेऊन यायचं ठरलंय. टाक तिच्याच हातात द्यायचा. रीत काय म्हणेल ते म्हणो.

१० ऑक्टोबर, रविवार

दोघंच परत आलो. टाक दिला, तिनं घेतला. कुशीत घेतलं तेव्हा पहिल्यांदाच रडली. पण पिशवी भर म्हटलं तर ठकूबाईच्या मागं जाऊन उभी राहिली. बाबांचा राग आलाय का, माझा आलाय का, सगळं विचारून झालं. मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "मावशी, मी हितंच राहते. हितं बारकं पोर कुनी न्हाई. माज्या हातनं कुनी मरनार न्हाई."