बाभळींआडची गाडी

११ फेब्रु. ६३
दुपारी घात झाला. कापसाची बैलगाडी रूळ ओलांडत होती, तेवढ्यात नंदुरबारकडे जाणारी पॅसेंजर आली. गाडी हाकणारा आमचा सालदार भिका जागीच गेला. दोन्ही बैलही. मागे बसलेली धाकटी जाऊ मथुरा लांब फेकली गेली, उजवा पाय पार चिरडला. त्याच पॅसेंजरमध्ये घालून नंदुरबारला नेली. शुद्धीत होती. एकच घोकत होती, "भिकाले गाडी दिखनीच नही, ताई."
कशी दिसणार? वळणभर रेल्वेच्या बाभळी.

१३ फेब्रु.
रेल्वेचे साहेब ट्रॉलीवर आले. बैल अजून तिथेच, म्हणून नाकाला रुमाल. पहिला प्रश्न, "गाडीवान बहिरा होता का?" भिकाची बायको झिनी समोर उभी!
मी म्हटलं, इथं फाटक द्या, माणूस बसवा.
"रस्ता तुमच्या जिल्हा परिषदेचा. त्यांनी मागावं, खर्चही त्यांनीच द्यावा."
बाभळी तरी तोडा.
"बघू."

६ मे
जि. प. कचेरीत गेले. ग्रा. पं.त बाईची जागा भरायची म्हणून मला घेतलंय, त्याचा एवढा तरी उपयोग. तिथले साहेब म्हणाले, "मारते ती रेल्वे, बाई. फाटक आम्ही का बांधायचं?" आणि हसले. घरी येऊन जेववेना.

मथुराचा पाय शेवटी गुडघ्याखाली काढला.

९ नोव्हें.
सुरक्षा सप्ताह. दोन्ही साहेब, भाषणं, चिवडा. खुर्च्या मांडल्या कुठे, तर त्याच बाभळींच्या सावलीत! फाटकाऐवजी लावलेल्या नव्या पाटीला हार घातला. मथुराला कुबडीसकट पुढे बसवून फोटो काढला. झिनीला कुणी बोलावलंच नव्हतं, आपली आपण आली. मला विचारते, "काय लिखेल शे?"
"थांबा, पाहा, मग जा."
"काय देखानं? बाभयाच ना?"
किळस आली सगळ्यांची. चहा घेतला नाही.

१२ नोव्हें.
सकाळी रुळाकडून घाव ऐकू आले. झिनी, एकटीच, कुऱ्हाड घेऊन. मी घरातला कोयता घेऊन गेले. दुपारपर्यंत अलीकडची बाजू मोकळी, हात काट्यांनी फाटले. मग रेल्वेचा मुकादम धावत आला. "सरकारी झाडं आहेत! नावं सांगा!"
झिनी म्हणाली, "लिखी ले मन्हं."
मी म्हटलं, आधी माझं लिहा. मेंबर म्हणून लिहा.
रात्री हे पानावरून उठून गेले. ताट तसंच.

१४ नोव्हें.
शिपाई सांगून गेला, उद्या नंदुरबारला हजर व्हा. दोघींनी. गुन्हा म्हणे. पलीकडच्या बाभळी तशाच उभ्या, आणि मळ्याचा कापूस त्याच वाटेने येतोय. मथुरा हट्ट धरून बसली आहे, "मी बी येस." हे म्हणतात, नाक कापलंस. म्हणोत.
संध्याकाळी झिनी दारात, पहाटे कुऱ्हाड घेऊन यायचं विचारायला. "ताई, कुऱ्हाड लई येऊ का?"
मी नको म्हणाले. ती गेली. पण उद्या जायच्या आधी पलीकडच्या बाभळी पाडाव्यात का, अजून मनाचं नीट ठरत नाही.