निम्मं वादळ

नारिन, मंगळवार

कुबातदादा,

माणसं आणि जनावरं सुखरूप ना? मी बरी आहे. खोली उबदार आहे, वहिनीने दिलेल्या कुरुताच्या, त्या वाळवलेल्या खारट दह्याच्या गोळ्या अजून पुरताहेत.

पण डोकं फिरलंय माझं! रेडिओवर हवामानाचा अंदाज देताना मी स्वच्छ सांगितलं होतं: गुरुवारी बर्फाचं वादळ खिंड ओलांडून तुमच्याकडे येईल किंवा पलीकडेच वळेल, शक्यता निम्मी-निम्मी. त्यावर तू आईला घेवड्याचे एक्केचाळीस दाणे मांडायला लावलेस? आणि कौल चांगला पडला म्हणून मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात निघालास? वर टॅक्सीवाल्या उमेतला म्हणतोस, "निम्मं-निम्मं सांगायला आमच्या बाईसाहेबांना पगार मात्र पुरा मिळतो!" त्यानेच मला हे सगळं हसत हसत सांगितलं. आता हे पत्र त्याच्याच हाती आजच पाठवतेय.

वाऱ्याचंच अजून ठरत नाहीये, मग मी कुठून ठरवू? आणि निम्मं म्हणजे दाण्यांना विचार असं नव्हे रे. निम्मं म्हणजे खाली थांब!

आईचा खोकला कमी झाला का?

वादळ आलंच नाही, तर नवरोजच्या जेवणात सगळ्यांसमोर मला खुशाल हस. पण हसायला तू त्या पंगतीत असायला हवास.

तुझ्यावर चिडलेली,
ऐझिरेक