डब्यावरचा हिरवा दिवा

२ जून

पोचले एकदाची! मिनेसोटाहून दोन दिवस बस आणि शेवटचे चाळीस मैल वेधशाळेच्या हार्लनकाकांच्या खटारा ट्रकमधून. दरीच्या तळाशी कुरणात रेडिओ-दुर्बिणीची पांढरी तबकडी दिसली आणि मी लहान पोरीसारखी ओरडले. काका म्हणाले, ओरड हवं तेवढं, ज्युनिया, त्याने तिचं काही बिघडत नाही, मोबाइल तेवढा बंद कर.

इथे मोबाइल नाही, वायफाय नाही, मायक्रोवेव्हसुद्धा नाही. ताऱ्यांकडून येणारी लहर इतकी क्षीण असते की कुणाच्या दारावरची बिनतारी घंटाही तिला बुडवते. असली चोरटी यंत्रं हुडकून बंद करायची, हे काकांचं काम. ट्रकवर अँटेना लावून दिवसभर फिरतात. गेल्या हिवाळ्यात एका म्हातारीने कोंबड्यांच्या खुराड्यात घातलेलं विजेचं पांघरूण पकडलं म्हणे. परग्रहावरची माणसं तुम्हाला सापडोत न सापडोत, माझ्या हातून म्हातारी सुटत नाही, असं सांगून स्वतःच खो खो हसले. आमचा टोबिन असता तर हसून लोळला असता.

४ जून

ब्रँटबाई माझ्या वरिष्ठ. कडक आहेत, पण शिकवतात छान. दुर्बीण पाच मिनिटं ताऱ्यावर धरायची, पाच मिनिटं बाजूला. लहर ताऱ्यावर आली आणि बाजूला वळताच गेली, तर ती तिकडची. दोन्हीकडे राहिली, तर आपलीच, पृथ्वीवरची. तशी दिसली की मी पुसून टाकायची. बाई म्हणाल्या, दिवसाला हजारभर पुसशील, एकीतही जीव अडकवू नकोस.

दुपारी मक्याचा पाव आणि घेवडा खात कुरणात बसले. टोबिन माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघांनी गॅरेजच्या छतावर अँटेना उभारली होती. परग्रहवासीयांना तो 'पाहुणे' म्हणायचा. आज मी त्या पाहुण्यांची वाट बघायला बसलेय आणि तो नाही. चौदा वर्षांचा होता. तीन वर्षं झाली. हृदय जन्मापासूनच अधू होतं.

९ जून

आज ताऱ्यावर दुर्बीण धरली आणि ठोके आले. अगदी लयीत, मिनिटाला बहात्तर. बाजूला वळवली तर गायब! बाई म्हणाल्या, नाचू नकोस, पुन्हा बघ. तिसऱ्या फेरीला ते बाजूलाही आले. म्हणजे आपलंच कुणाचं तरी यंत्र. पुसले.

पुसताना बोट जरा अडखळलं. लय ओळखीची वाटली.

१२ जून

पुन्हा तेच. बहात्तर नाही, साठ. पुसले. तासाभराने आले ते चोपन्न. पुसले की उतरतात. काका ट्रक घेऊन शोधायला गेलेत.

हे ठोके ज्या लहरीवर येतात तिची कंपनसंख्या मला पाठ आहे. टोबिनच्या डब्याची.

१३ जून

लिहूनच टाकते. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

टोबिनच्या छातीत यंत्र बसवलं होतं. ते उशाशी ठेवलेल्या पांढऱ्या डब्याकडे ठोके पाठवायचं, डबा ते इस्पितळाला कळवायचा. ठोके उतरले की लगेच तिथून फोन. तो डबा माझ्या अँटेनात खरखर करायचा. त्या दुपारी टोबिन जेवून झोपला होता. मला आकाशात काहीतरी सापडल्यासारखं वाटलं, म्हणून मी डब्याचा प्लग काढला. दहाच मिनिटांसाठी. छतावर तीन तास ऐकत बसले. सापडलं काहीच नाही. खाली आले तर तो गार पडला होता.

आई कामावरून यायच्या आत मी प्लग परत लावला. आई अजून म्हणते, मेला तो डबाच खोटा निघाला.

आणि चार दिवस मी इथे बसून पुन्हा तेच केलं. नीट ऐकू यावं म्हणून त्याचे ठोके पुसले.

१५ जून

पुसणं थांबवलं. ठोके चव्वेचाळीसवर थांबले. बाई भडकल्या, सगळं निरीक्षण नासलं म्हणाल्या. मी नाही पुसणार म्हटलं. त्यांनी मला रजेवर बसवलं. आता त्या स्वतः पुसतायत.

काका सांगत होते, लहर आधी डोंगरापलीकडे होती, मग पुलाजवळ, काल चर्चपाशी. आज आमच्या वसतिगृहाच्या अंगणात. हळूच विचारलं, पोरी, खोलीत काही आणलंयस का? रागावणार नाही, सांग. त्यांना चेष्टा सुचत नव्हती.

१६ जून

उठले तर उशाशी डबा. तोच. टोबिनने चिकटवलेली उडती तबकडी आहे त्यावर, एक कोपरा सुटलेली. प्लग भिंतीत. हिरवा दिवा चालू.

छत्तीस.

मी भ्यायले. मग त्याला जवळ घेऊन रडले. माफ कर रे — माफ कर —

१७ जून, दुपार

खाली जाऊन तारेच्या फोनवरून बाईंना गाठलं. पुसू नका, पाया पडते म्हटलं. म्हणाल्या, झोप काढ जरा.

तीस.

जिना चढताना धाप लागली. स्वतःची नाडी मोजली. तीस. परत मोजली —

डब्याबरोबर. ठोक्याला ठोका.

नंतर

चोवीस. बोटं गार. पेन नीट धरता —

आईला चिठ्ठी लिहिली. डबा खोटा नव्हता गं, मी — एवढीच झाली. तेवढं तरी कळेल तिला.

ट्रक थांबला खाली. काका. दार ढकललं त्यांनी. हातातली छोटी अँटेना आधी माझ्या छातीकडे. मग डब्याकडे. हसले बिचारे, सुटल्यासारखे. म्हणतात, हे होय? एवढंसं? घाबरलीस कशाला, पोरी, आत्ता काढतो.

आवाज फुटत नाहीये माझा —

वाकले. हात प्लगवर —

नको, काका. दहाच मिनिटं म्हणून मीसुद्धा —