सुतळीची गाठ

सेक्टर सहा, भिलाई
७ जुलै

चि. प्रेरणास आईचे आशीर्वाद आणि जयभीम.

फोनवर बोलले की तुझे बाबा कान लावून बसतात, म्हणून ही चिठ्ठी. एप्रिलमध्ये तू लावून दिलेल्या एसीखालची भिंत पार काळी पडली. दर रविवारी ब्लीचिंग पावडरनं घासते, बुधवारी बुरशी पुन्हा हजर. गादी उन्हात टाकावी तर ऊन कुठाय? मेकॅनिक दोनदा आला, जाळी धुतली, गॅस बरोबर आहे म्हणून गेला. पाणी भिंतीवरून ओघळतंच आहे.

बाबांचा खोकला वाढला. खाट हलवू म्हटलं तर ऐकत नाहीत. स्टील प्लांटातल्या कोळशाच्या भट्टीच्या, कोक ओव्हनच्या धुरानं मले काही केलं नाही, ही बुरशी काय करते, म्हणतात. मी थकले गं. हातांची सालं निघाली.

ही गोष्ट आपल्या दोघींतच ठेव.

तुझी आई,
भीमाबाई

पुणे
१३ जुलै

ति. आईस सविनय जयभीम.

बाबांना आधी डॉक्टरकडे ने, खाट हॉलमध्ये काढ, एसी बंद ठेव. आणि एक बघ. एसीची पाण्याची नळी खाली सत्यभामाकाकूंच्या अंगणात सोडली आहे ना, तिच्यातून पाणी पडतं का? बाहेर पडत नसेल तर ते घरातच येणार.

एसी लावतानाच मी म्हटलं होतं, तिथे जमलं नाही तर दोघांना पुण्याला आणीन. आता बाबांचं ऐकणार नाही. तिकिटं बघू का?

हातांना खोबरेल लाव. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
प्रेरणा

भिलाई
२१ जुलै

चि. प्रेरणास आशीर्वाद आणि जयभीम.

खाली जाऊन पाहिलं. नळीचं तोंड दुमडून सुतळीनं आवळलेलं! गाठ लगेच ओळखली. पस्तीस वर्षं प्लांटात खलाशी म्हणून अवजड सामान बांधणाऱ्या माणसाची गाठ, ती काही सुटेना. विळीनं कापली तेव्हा सगळं पाणी माझ्या लुगड्यावर.

सत्यभामा म्हणाली, मे महिन्यात कुरड्यांवर पाणी पडलं म्हणून तिनं नळी जरा वळवून घ्या एवढंच सांगितलं होतं. भाऊंनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, बांधूनच टाकली, वर कोणाले सांगू नका म्हणाले. त्या कुरड्या तळून खाऊनही झाल्या, गाठ तशीच.

मी सुतळी त्यांच्यापुढे टाकली. दोन महिने मी भिंत घासत होते आणि हा माणूस बघत होता! खूप बोलले, मग रडूही आलं. डॉक्टर म्हणाले, ओलीपासून दूर राहा, औषधानं खोकला उतरेल. आता खाट हॉलमध्ये आहे. मग त्यांनी पेन मागितला. पुढचं त्यांच्या हातचं वाच.

तुझी आई

चि. प्रेरणा, जयभीम.

नळी वळवाले मेकॅनिक बोलावला असता तर एसी इथं जमत नाही हे तुले कळलं असतं, अन् तू आमाले घेऊन गेली असती. म्हणून बांधली अन् खोकत राहिलो. तुझ्या आईचे हात पाहिलेच नाहीत. काल पाहिले. आता तोंडाले फडकं बांधून भिंत मीच घासून राहिलो.

तिकीट एकच काढ, तिचं. महिनाभर तिले काही करू देऊ नको.

पण परतीचंही आताच काढ.

तुझा बाबा,
चंपत