जावयाच्या कोटाची उंची

सेंदाई,
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
नुपूरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पाहून भुवया वर गेल्या असतील. पण फोन केला की तुम्ही तो आईच्या हाती देता आणि दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागता, रविवारीसुद्धा. लिहिलेला कागद न वाचता टाकणं तुमच्या स्वभावात नाही, म्हणून ही युक्ती.

आम्ही दोघं बरे आहोत. उन्हाळा अजून हटत नाही. सायकलवरून लॅबला पोचेपर्यंत घामाघूम होते.

इथल्या जपानी वॉर्ड ऑफिसात सह्या करून आम्ही लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही फर्गसचं नाव एकदाही घेतलेलं नाही. आधी लग्न केलं आणि मग कळवलं, ही चूक माझी. तिची शिक्षा त्याला नको. आणि बाबा, आता काम त्याचंच आहे, तर शिंप्याच्या मुलीने बापाला सोडून कुणाला विचारावं?

जानेवारीच्या शेवटी टोकियोत फर्गससारख्या स्कॉटिश मंडळींचं वार्षिक जेवण असतं. पुरुष किल्ट नेसतात, म्हणजे चौकड्यांचं, मागे चुण्या घातलेलं, गुडघ्यापर्यंतचं लोकरी वस्त्र. फर्गसकडे आजोबांचा किल्ट आहे, वर घालायला कोट नाही. भाड्याने दोन प्रकार मिळतात. एक काळा, चांदीच्या बटणांचा. दुसरा जाड करड्या लोकरीचा. दोन्हींचे फोटो कोंबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, छापून सोबत जोडले आहेत. कोणता घ्यावा?

लोभ वाढावा असं लिहिणार होते, पण आधी राग थोडा उतरला तरी पुरे.

तुमची,
नुपूर


पुणे,
२५ सप्टेंबर २०२५

चि. नुपूर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईने ते शेजारच्या सरोजिनीबाईंनाही वाचून दाखवलं, तेव्हा तुझ्या युक्तीचं कौतुक सोसायटीभर झालेलं आहे.

करडा कोट दिवसा फिरायला ठीक. रात्रीच्या जेवणाला काळाच. यात विचारण्यासारखं काय होतं? चाळीस वर्षं कॅम्पातल्या दुकानात तुझ्या डोळ्यांदेखत कोट शिवले. तुझं लक्ष मात्र खडूचे तुकडे पळवण्याकडे.

भाड्याचा कोट घ्यायचा नाही. दुसऱ्याच्या खांद्याला बसलेलं कापड आपल्या अंगावर कधी नीट पडत नाही. शिवाय पहिल्या दिवाळसणाला मुलीकडच्यांनी जावयाला पोशाख द्यायचा असतो, तो राहून गेला. आमच्याकडून उणं राहिलं असं कुणी म्हणायला नको. छाती, खांदा, बाही, पाठ ही मापं ताबडतोब पाठव. टेप ताणू नकोस. तुझे ते गृहस्थ श्वास रोखून उभे राहणारे असतील तर त्यांना बोलत ठेव आणि मग माप घे.

गुडघेदुखीला तेल लावतो. काळजी नसावी.

माया आहे तेवढीच आहे, पत्रात मावत नाही इतकंच.

दिगंबर


पुणे,
१० ऑक्टोबर २०२५

चि. नुपूर हिस अनेक आशीर्वाद.

आईच्या फोनवर मापं मिळाली, कोट पाठवतो आहे. अस्तर रेशमी, काजं सगळी हाताने केलेली. दुकानातल्या साईला फक्त इस्त्री करू दिली.

तू पाठवलेल्या फोटोतला कोट बघून मला त्या भाडेवाल्यांची कीव आली. चांदीची बटणं आणि कमरेखाली कापडच नाही, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जावयाला असा आखूड कोट दिला तर लोक म्हणतील, सासऱ्याने कापडात हात आखडला. म्हणून उंची चांगली सहा इंच वाढवली आहे. मागून बैठक झाकेल. आता कसा भरल्या घरचा वाटेल.

फराळाचा डबा आईने वेगळा पाठवला आहे. चकल्या आधी संपवा.

सुखरूप असा, एवढंच मागणं.

बाबा


सेंदाई,
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
नुपूरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कोट ऐन पाडव्याला आला. खांदा असा बसला आहे की फर्गस आरशासमोरून हलेना. बायकोने ओवाळायचं असतं म्हणून मी त्याला किल्ट आणि कोट घालून पाटावर बसवलं. समोरच्या घरातल्या सातो-सान वेगवेगळा करून ठेवलेला कचरा टाकायला निघाल्या होत्या, त्या पिशवी हातात घेऊन दारातच थांबल्या.

आता खरं लिहिते. आठ दिवस लिहू की नको यातच गेले. बाबा, तो कोट आखूडच असतो. किल्ट बेंबीशी नेसतात आणि पुढे कातड्याचा बटवा लटकतो. कोट कमरेशी संपला नाही तर मागच्या चुण्या दबतात आणि बटवा झाकला जातो. सहा इंच जास्त झाल्यामुळे फर्गस कोटाखाली फ्रॉक घातल्यासारखा दिसतो. मला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना.

इथला शिंपी अर्ध्या तासात कापून देतो म्हणाला. फर्गसने कोट काढून कपाटात ठेवला आणि कपाटासमोर उभा राहिला. तो म्हणतो, माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा काही दिलं आहे, त्याला परका माणूस कात्री लावणार नाही. मी हा असाच घालून जाणार. त्याचे मित्र त्याची वर्षभर थट्टा करतील, हे त्याला ठाऊक आहे.

तुम्ही विचारलेलं नसताना मी सांगते आहे, तेव्हा हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण तुमच्या हातच्या कोटाला कुणी हसलेलं मला सहन होणार नाही. मला भीती वाटते ती तुम्ही पुन्हा गप्प होण्याची. रागवा, पण लिहा.

तुमचीच,
नुपूर


पुणे,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. नुपूर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस दुकान उघडलं नाही. चाळीस वर्षांत उंची चुकली नव्हती. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारावं, हे मी प्रत्येक शिकाऊ पोराला शिकवलं आणि स्वतः विसरलो. फोटो समोर होता तरी मीच शहाणा ठरलो.

तू मला दोन वर्षं चुकीचं ओळखलंस तेही सांगून टाकतो. तुझा नवरा परका म्हणून मला राग नव्हता. पुण्यातल्या किती नवरदेवांना मी कोट चढवले याची गणती नाही. आणि माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात माझ्या हातचा एक टाका नव्हता. ते मला फार लागलं. बोलायची लाज वाटली म्हणून किल्ल्या शोधत राहिलो.

फर्गसरावांना सांग, कोट तसाच घालायचा नाही आणि दुसऱ्याला शिवूही द्यायचा नाही. असं काम पत्राने होत नाही, माणूस समोर उभा लागतो. आईने दोघांच्या व्हिसाचे अर्ज भरायला घेतले आहेत, डिसेंबरअखेर येतो. कात्री मोठ्या बॅगेत घातली आहे. तुझ्याकडे इस्त्री नीट तापते का, ते कळव.

जावईबापूंना आशीर्वाद. ट्रायलच्या दिवशी त्यांना सुट्टी घ्यायला सांग. मला घाई जमत नाही, आणि आल्यावर लगेच परत जायचीही नाही.

बाबा